बाईसाहेबांचं गॅरेज

गाडीचं नाव बाईसाहेब. नाव नवऱ्याने ठेवलेलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ते कौतुकाने ऐकवायचा. लग्नाच्या बायकोला मात्र त्याने आजवर 'अगं'च्या पुढे काही नाव दिलं नव्हतं. गाडी जर्मन बनावटीची, लांबलचक, काळी, आत सगळं लाकूड आणि चामडं. कधीकाळी ती कुठल्याशा कारखानदाराची होती. त्याने मिरवली, मग दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याच्या गळ्यात घातली, आणि विशी ओलांडल्यावर ती या घरी आली. "एवढ्याशा पैशात एवढी गाडी!" असं नवरा तेव्हा छाती फुगवून म्हणाला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने काढली, त्याने कोंबडी पाळलीच नसेल. जुनी भारी गाडी पाळली असेल.

नवरा होता लिफ्ट तपासणारा. दिवसभर परक्यांच्या लिफ्टच्या दोऱ्या, ब्रेक आणि बटणं तपासायची, कुठे जरा करकरलं तर सही द्यायची नाही, असा खडूस म्हणून त्याचं नाव होतं. आणि घरी बाईसाहेब एका बाजूला बसलेल्या. बसलेल्या म्हणजे अगदी शब्दशः. तिच्या चाकांवर स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या होत्या, त्यातली मागची डावी गळायची. सकाळी गॅरेज उघडावं तर गाडी एक कुल्ला टेकून बसलेली दिसायची. एका पिशवीच्या किमतीत एखादी चालती स्कूटर आली असती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

बायको दात बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात, तो तिच्याकडे यायचा. ती त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायची, मेणाचा दात घडवायची, मग कॅप भट्टीत भाजून, घासून, शेजारच्या दाताच्या रंगाशी जुळवून परत पाठवायची. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तिने मात्र कोरून, घासून, भाजून अर्धं घर चालवलं होतं. हे सगळं ती एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत करायची. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीपलीकडे ड्रिल सुरू झालं की तिच्या टेबलावरचे जबडे थरथरायचे. रंग जुळवायला ती कॅप हातात धरून रस्त्यावर जायची, कारण दिव्याखाली जुळलेला दात उन्हात पिवळा दिसतो. पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ती ओळखीची होती: दात घेऊन उभी राहणारी बाई.

आता म्हातारे डॉक्टर थकले. महिनाअखेरीला दवाखाना बंद करतो म्हणाले, जागा मोबाईलच्या दुकानाला दिलीय म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आणून तिला एक जुनं स्टूल भेट दिलं. तिला काम देणारे आणखी चार डॉक्टर होते. चौघांनीही तिला एकच गोष्ट सांगितली: नवी जागा झाली की लगेच कळवा, फार दिवस थांबता येणार नाही, मोठ्या लॅबचा माणूस रोज दारात येतो. म्हणजे महिनाअखेरीपर्यंत जागा मिळाली तर तिचं काम राहणार होतं, नाहीतर गेलं. एकदा गेलेला डॉक्टर परत येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि जागा होती की! घराच्या बाजूला गॅरेज. त्यात नळ, भट्टीला पुरेल अशी विजेची जोडणी, आणि वर उत्तरेची रुंद खिडकी. दिवसभर तोच सारखा, शांत उजेड. दात बनवणाऱ्याने नवस करून मागावा असा उजेड, आणि तो पडायचा कशावर, तर बाईसाहेबांच्या बॉनेटवर.

"विकू ना, नाही कोण म्हणतंय?" नवरा म्हणायचा. "पण बघून विकू."

"मग रस्त्यावर लाव तोपर्यंत."

"रस्त्यावर? वेडी आहेस का? छतातून पाणी झिरपतं, ते गालिच्याखाली जातं, तिथे तिचा कॉम्प्युटर, तिचा मेंदू आहे. मेंदू भिजला की संपलं."

गाडीचा मेंदू गालिच्याखाली होता. नवऱ्याचा कुठे होता, हा प्रश्न तिने बरेच दिवस गिळला होता. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

बरं, विकायला त्याचा जीव तुटत होता एवढंच असतं तर समजूत तरी घालता आली असती. पण मध्ये साडू होता. साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, औषधांच्या दुकानाचा मालक. त्याच्याकडे तेवढ्याच वयाची, तेवढ्याच थाटाची जपानी गाडी होती. दर रविवारी दोघे साडू याच्या नाहीतर त्याच्या गॅरेजात खुर्च्या टाकून बसायचे आणि जुन्या भारी गाड्यांत भरवशाची कोणती, पोसायला स्वस्त कोणती, यावर घसे कोरडे करायचे.

"सकाळी किल्ली फिरवली की सुरू," साडू म्हणायचा. "माझं गाडीकडे दुसरं मागणंच नाही."

"सुरू होणं हा काय गुण झाला, साडूभाऊ? मिक्सरही सुरू होतो."

"तुमचा मिक्सर वर्षातून आठ महिने मेकॅनिककडे असतो."

"तुमच्या गरीब गाईत बसलं की माणसाला झोप येते. बाईसाहेबांत बसलं की माणूस जागा होतो."

"होणारच. बिल आठवतं ना."

मग नवरा पेटायचा. जपानीचा टायमिंग बेल्ट ठराविक अंतराला बदलावा लागतो, त्याचे पैसे साडू धरतच नाही. जर्मनला त्या पट्ट्याच्या जागी चेन आहे. मग साडू म्हणायचा, चेनला ताण देणारं प्लास्टिक तुटलं की अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं, त्याचे पैसे तुम्ही कुठे धरता? जपानी बिघडत नाही, पण बिघडलीच तर सुटा भाग मिळता मिळत नाही. जर्मनचा भाग लगेच मिळतो, पण घेताना मालकाचा भाग सुटा होतो. असं दळण. निकाल लागायचा नाही, कारण दोघांनाही तो लागायला नको होता. शेवटी एकदा रागाच्या भरात दोघांनी ठरवून टाकलं: जो आधी गाडी विकेल, तो हरला. त्या दिवसापासून बायकोच्या गॅरेजला जे कुलूप लागलं, ते लागलंच.

धाकटी फोनवर म्हणायची, "ताई, तुमची बिघडते म्हणून ताप, आमची बिघडत नाही म्हणून ताप. बिघडली असती तर टाकून तरी दिली असती. पेट्रोल पिते, विमा खाते, टायर झिजवते, आणि हे म्हणतात बघ, काही खर्चच नाही."

"तुझी निदान दारात उभी असते गं. माझी माझ्या टेबलावर बसलीय."

महिना निम्मा सरला तेव्हा तिने स्वतः जाहिरात दिली. नवरा गुरगुरला, पण नाही म्हणाला नाही. नाही म्हणायची त्याला गरजच नव्हती. गिऱ्हाईक आलं की तो त्याला गॅरेजात खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा, आणि बाईसाहेबांची महती सांगता सांगता तिचं पोटही उघडं करायचा. माणूस खोटं बोलणारा नव्हताच. लिफ्टवर खोटी सही न करणारा माणूस गाडीवर कशी करेल? आधी आपल्या गाडीचं सांगायचा, मग साडूच्या, मग पुन्हा आपल्या. कुठला पाईप प्लास्टिकचा, तो कधी तडकतो, हवेचा पंप का जळतो, वर्षाला काय बाजूला ठेवावं लागतं. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरत जायचा आणि सांगणाऱ्याचा खुलत जायचा. पहिलं गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून गेलं. दुसऱ्याने विचार करतो म्हणून हात जोडले. तिसऱ्याने तर कमाल केली. आठवड्याने फोन करून त्याने मनापासून आभार मानले: तुमच्या सल्ल्याने जपानी घेतली, फार छान चाललीय.

"प्रामाणिकपणाला किंमत आहे बघ," नवरा म्हणाला.

"आहे ना. मी देतेय," ती म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. तो साडूला फोन लावत होता. जपानी घेणाऱ्याचं आपल्याला कसं वाईट वाटतं ते सांगायला.

महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला. नवरा एका हॉस्पिटलची लिफ्ट अडली म्हणून सकाळीच गेला होता. बायको दवाखान्यामागच्या खोलीतलं सामान खोक्यांत भरून, ती खोकी घराच्या व्हरांड्यात रचून नुकतीच टेकली होती. भट्टी एका चादरीत गुंडाळून जिन्याखाली ठेवली होती. सोमवारी चारही डॉक्टरांना काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगायला काहीच नव्हतं. एवढ्यात फाटक वाजलं. पन्नाशीकडे झुकलेलं एक जोडपं. दुपारची वेळ ठरली होती, पण धीर धरवला नाही म्हणून आत्ताच आलो, असं तो माणूस म्हणाला. त्याचे डोळे ओळखीचे होते. बाईसाहेब घरी आणली त्या दिवशी तिच्या नवऱ्याचे डोळे अगदी असेच दिसत होते.

तिने नवऱ्याला फोन केला.

"थांबव त्यांना," तो म्हणाला. "मी आल्याशिवाय काही बोलू नकोस. तुला नीट सांगता येणार नाही."

तिने फोन ठेवला आणि मनाशी म्हटलं, तू यायच्या आत विकते की नाही बघ.

तिने शटर वर केलं. त्या दिवशी बाईसाहेबांनाही काय सद्बुद्धी सुचली कोण जाणे, चारी पायांवर सरळ उभ्या होत्या. गिऱ्हाइकाने दार उघडून बंद केलं. त्या दाराचा आवाज तेवढा खरोखर सुरेख होता, धप्प, जाड, श्रीमंत. त्याने ते पुन्हा उघडून पुन्हा बंद केलं. मग आत बसला, लाकडावरून हात फिरवला, किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. माणूस विरघळला. भाव करायचंही तो विसरला.

"वहिनी, मी आजच इसार देतो," तो म्हणाला. "उद्या घेऊन जातो. चालेल?"

चालेल? तिला गॅरेज रिकामं दिसायला लागलं. खिडकीखाली टेबल, नळाशेजारी प्लास्टरची बादली, कोपऱ्यात भट्टी. सोमवारी डॉक्टरांना काय सांगायचं ते वाक्यही तयार झालं. ती हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची बायको जवळ आली. आतापर्यंत ती दाराशीच उभी होती, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"ताई, भरवशाची आहे ना हो?" तिने हळूच विचारलं. "माझ्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. आमची छोटी गाडी देऊन ही घ्यायची म्हणतात हे. म्हणतात, आईला आरामात झोपून जाता येईल. मला गाडीतलं काही कळत नाही. तुमच्या घरची आहे, म्हणून विचारते."

आता हिला कुठून आठवण झाली विचारायची! दातकामवालीला खरंच राग आला. त्या बाईचा, तिच्या आजारी आईचा, अशा वेळी घरात नसलेल्या आपल्या नवऱ्याचा. हो म्हणायला एकच अक्षर पुरे होतं. दुसरी कोणी असती तर म्हणून मोकळीही झाली असती, आणि तिला कोणी बोलही लावला नसता. गाडी घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला नकोत का? तिने पदराने कपाळ पुसलं. बाई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "भरवशाची नाही."

आणि मग जे सुरू झालं, ते थांबेना. मागची डावी पिशवी गळते. आज उभी आहे, उद्या बसेल. पंप सारखा चालून जळतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पाईप प्लास्टिकचा आहे, तडकतो, आणि तडकतो तो भर उन्हात, ट्रॅफिकमध्ये. चेनचं प्लास्टिक अजून तुटलेलं नाही, म्हणजे तुटायचं आहे. छतातून पाणी, पाण्याने मेंदू. ती हे सगळं ऐकून ऐकून शिकली होती, स्वयंपाकघराच्या भिंतीतून, कांदा चिरताना, रविवारमागून रविवार. एक अक्षर चुकलं नाही. "मेकॅनिककडे गेली की आठवडाभर येत नाही," ती म्हणाली. "आईंना तेवढं थांबता येणार नाही. छोटी गाडी देऊ नका."

गिऱ्हाईक गाडीतून उतरलं. त्याने या वेळी दार आपटलं.

"मग जाहिरात कशाला दिलीत? लोकांचा वेळ खायला?"

त्याची बायको जाताना तिचा हात दाबून गेली, आणि त्या दाबण्याने तिला रडूच आलं. चांगुलपणा केल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही. पायावर धोंडा पाडून घेतल्यावर पाय दुखतो, तेवढंच झालं. ती व्हरांड्यात खोक्यांशेजारी येऊन बसली. त्यातल्या एका खोक्यात अर्धवट झालेल्या कॅपा होत्या, चार डॉक्टरांच्या, आणि त्या कुठे बसून पुऱ्या करायच्या हे तिला माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने नवरा आला. कोपऱ्यावरच त्याला ते जोडपं भेटलं होतं, आणि गिऱ्हाइकाने त्याला सगळी हकीकत चार शिव्यांसकट ऐकवली होती. तो फाटकातून आत आला तोच हसत.

"अगं, तू त्यांना परत पाठवलंस?" त्याचा आवाज भरून आला होता. "मला वाटायचं, तुला ती डोळ्यांसमोर नको असते. तुझाही जीव आहे की तिच्यावर!"

तिने डोळे पुसले.

"आणि सगळं सांगितलंस म्हणे. पिशवी, पंप, सगळं?" तो खोक्यावरच टेकला. कॅपांच्या. "चेनचंही सांगितलंस ना? की बेल्ट म्हणालीस? लोक नेहमी बेल्ट म्हणतात."

"चेन म्हणाले. उठ तिथून."

"शाबास! थांब, साडूला सांगतो. म्हणावं, आमच्या घरात बायकांनाही कळतं."

त्याने खिशातून फोन काढला. तिने त्याची वाट पाहिली नाही. कशाची वाट पाहायची राहिली होती? किल्ली अजून गाडीलाच होती. ती गॅरेजात गेली, बाईसाहेबांचं दार उघडून आत बसली, आणि दार लावून घेतलं. गाडी चालवायला ती लग्नाआधीच शिकली होती, पण एवढ्या वर्षांत त्या जागेवर पहिल्यांदाच बसत होती. नवरा कोणाला बसू द्यायचा नाही. सीटने तिची पाठ अलगद धरली. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईची पाठ होती ती, आणि असं तिला कधी कोणी धरलं नव्हतं. याला यात काय मिळतं ते तिला क्षणभर कळलं. कळलं म्हणून ती जास्तच चिडली. एवढं सुख दाराआड होतं, आणि ते सगळं याने एकट्यानेच घेतलं. तिने किल्ली फिरवली, गिअर मागे टाकला.

"अगं, काय करतेस?" नवरा धावत आला. "हळू! इंजिन थंड आहे! आरसा, आरसा बघ!"

तिने आरसा बघितला. गाडी शटरच्या चौकटीतून एकही ओरखडा न घेता बाहेर आली, फाटकातून रस्त्यावर गेली आणि कडेला लागली. समोरच्या घरातले आजोबा पेपर खाली ठेवून उभे राहिले. तिने इंजिन बंद केलं, उतरली, किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली.

"माझा हिच्यावर जीव नाही," ती म्हणाली. "प्रश्न त्या बाईच्या आईच्या जिवाचा होता, म्हणून सांगितलं. मला ही गाडी कधीच आवडली नाही. तुला आवडते, ठेव. विकू नकोस, हरू नकोस, काय करायचं ते कर. फक्त आत आणायची नाही."

"असं काय करतेस? दोन दिवस दे. मी ताडपत्री आणतो, साडूकडे जागा विचारतो..."

"विचार."

ती वळली आणि व्हरांड्यातून पहिलं खोकं उचललं. तो मागे आला नाही. ती टेबल ओढत खिडकीखाली घेऊन गेली, भट्टी कोपऱ्यात ठेवली, प्लास्टरची पोती भिंतीला लावली. जमिनीवर तेलाचा मोठा काळा डाग होता. त्यावर तिने लाकडाचा भुसा टाकला. संध्याकाळपर्यंत गॅरेज भरलं. तिने अर्धवट राहिलेली कॅप खिडकीच्या उजेडात धरली. रंग जुळला होता. कितीतरी वर्षांनी हे बघायला तिला रस्त्यावर जावं लागलं नव्हतं.

शटरमध्ये सावली पडली. नवरा उभा होता, किल्ली तशीच हातात. आभाळ भरून आलं होतं, आणि त्याच्या मागे, रस्त्याच्या कडेला, बाईसाहेब डाव्या बाजूला हळूहळू टेकायला लागल्या होत्या.

"अगं," तो म्हणाला, "साडू म्हणतो, त्याच्याकडे उद्या दुपारपर्यंत जागा नाही. आजची रात्र तरी तिला आत घे. टेबल जरा सरकवलंस तर मावेल. पाऊस येईल, बाहेर कशी राहील ती रात्रभर?"

तिने कॅप खाली ठेवली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"मी पंधरा वर्षं दुसऱ्याच्या मागच्या खोलीत काढली," ती म्हणाली. "तू एकदा तरी विचारलंस, कशी राहतेस म्हणून?"

त्याने किल्ली खिशात टाकली. मग ताडपत्री शोधायला गेला.